ताणाच्या काळात दात-हिरड्यांची देखभाल: आधी काय, नंतर काय

परीक्षेचे वर्ष, नोकरीतील अस्थिरता, घरातले दीर्घ आजारपण, कर्जाचे हप्ते अशा कोणत्याही कारणाने महिनोन्‌महिने चालणारा मानसिक ताण तोंडातही खुणा सोडतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती पुढे, कोणते काम आधी करायचे आणि कोणते नंतर, हे ठरवताना. काही जण हिरड्यांतून येणारे रक्त ‘टेन्शनमुळे असेल’ असे म्हणून परीक्षा संपेपर्यंत अंगावर काढतात आणि तोवर दाताभोवतीचे हाड झिजू लागलेले असते. काही जणांचे दुखणे जबड्याच्या स्नायूचे असते, पण एकामागून एक दाढांचे रूट कॅनल होते आणि ठणका तसाच राहतो. काही जण दात झिजू नयेत म्हणून ऑनलाइन मागवलेला रबरी गार्ड दातांत घालून झोपतात आणि खाली सुजलेल्या हिरड्या तशाच राहू देतात. या प्रत्येकात उपाय सर्वस्वी चुकीचा असतोच असे नाही, पण त्याची वेळ चुकलेली असते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत.

## ताण कोणत्या वाटेने दातांपर्यंत पोहोचतो

ताण एकट्याच्या बळावर दात किडवत नाही. किडीला जिवाणू आणि साखर लागतेच, तसेच हिरड्यांच्या आजाराला दातांवर साचलेला जिवाणूंचा थर लागतोच. ताणामुळे फरक पडतो तो चार ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे जबड्याचे स्नायू. निरोगी माणसाचे वरचे आणि खालचे दात, खाणे-गिळणे धरूनही, दिवसभरात एकूण अर्ध्या तासाहून कमी वेळ एकमेकांना टेकतात. ताणाखाली असलेला माणूस मात्र तासन्‌तास दात आवळून बसतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. दुसरे ठिकाण लाळेचे आहे. लाळ आम्ल धुऊन नेते आणि दाताच्या वरच्या आवरणाला क्षार परत देते, पण ताणात ती कमी आणि चिकट होते. तिसरे, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके दीर्घकाळ वाढलेली राहिली की शरीराच्या प्रतिकाराचा समतोल ढळतो, हिरडीची सूज ओसरायला आणि जखम भरायला वेळ लागतो. चौथे ठिकाण, आणि माझ्या मते सर्वांत मोठे, सवयींचे आहे: रात्रीचे दात घासणे सुटते, चहाचे कप वाढतात, सिगारेट, मावा, खर्रा किंवा मिश्री वाढते. पहिल्या तीन गोष्टी इच्छाशक्तीने बदलत नाहीत. चौथी आज रात्रीपासून बदलता येते. पुढचा क्रम याच हिशेबाने लावलेला आहे.

## टप्पा १: दोन आठवड्यांची नोंद

कोणताही उपाय सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे नोंद ठेवावी. दंतवैद्याच्या खुर्चीवर बसल्यावर ‘कधीपासून दुखते, केव्हा दुखते’ या प्रश्नावर बहुतेक रुग्ण गोंधळतात आणि चुकीच्या उपचाराची सुरुवात तिथेच होते. वहीत किंवा फोनमध्ये पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. सकाळी उठल्याबरोबर कानशिलात जडपणा, जबड्यात ताठरपणा किंवा दातांना ठणका आहे का, आणि तो किती वाजेपर्यंत टिकतो. सकाळी जास्त असून दुपारपर्यंत ओसरणारे दुखणे बहुधा झोपेत दात खाण्याकडे बोट दाखवते. संध्याकाळकडे वाढत जाणारे दुखणे दिवसा दात आवळण्याकडे.

२. दुखणे एकाच दातावर बोट ठेवून दाखवता येते, की ‘इकडची सगळी बाजू’ असे सांगावे लागते.

३. घासताना किंवा चूळ भरताना रक्त कोणत्या भागातून येते.

४. दिवसभरात गोड काही तोंडात गेल्याच्या वेळा. किती साखर गेली यापेक्षा किती वेळा गेली, हे महत्त्वाचे आहे.

५. चालू असलेली सर्व औषधे. झोपेची, नैराश्याची, रक्तदाबाची आणि सर्दीचीसुद्धा लिहावीत, कारण यांतील अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते.

याशिवाय फोनवर दिवसातून आठ-दहा वेळा वाजेल असा गजर लावावा आणि तो वाजताच एकच गोष्ट पाहावी: या क्षणी दात टेकलेले आहेत की सुटे? पुण्याच्या सदाशिव पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत रात्री अकराच्या सुमारास नजर टाकली, तर निम्मी डोकी एकाच ठेवणीत दिसतात: कोपर टेबलावर, हनुवटी तळहातावर, नजर पानावर आणि कानाखाली जबड्याचा स्नायू टरारलेला. त्यांतील कोणालाही विचारले, तर ‘मी दात आवळत नाही’ असेच उत्तर मिळेल. गजर यासाठीच आहे.

नोंदीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे, असे प्रसंग: चेहऱ्यावर सूज आणि ताप; गिळताना किंवा श्वास घेताना अडथळा; दोन दातांमधील हिरडीचे टोक कुरतडल्यासारखे दिसणे आणि सोबत तीव्र वेदना, रक्त व असह्य दुर्गंधी (हा तीव्र ताण, जागरण, कुपोषण आणि धूम्रपान एकत्र आल्यावर उद्भवणारा हिरड्यांचा आजार आहे आणि तो वेगाने वाढतो); दोन आठवड्यांत न भरणारा फोड किंवा पांढरा-लाल चट्टा; चालताना किंवा जिना चढताना जबड्यात येणारी कळ, विशेषतः छातीत दडपण किंवा घाम असेल तर, कारण ती हृदयाची असू शकते; आणि वयाच्या पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, जिच्यासोबत चावताना जबडा दुखतो किंवा दिसण्यात फरक पडतो.

## टप्पा २: आरशासमोरची तपासणी

ही तपासणी एकदाच पण नीट करावी. हात स्वच्छ धुवावेत, उजेड समोरून पडेल असे उभे राहावे आणि फोनच्या टॉर्चचा उपयोग करावा.

सुरुवात सुळ्यांपासून करावी. वरच्या सुळ्याचे टोक मुळात निमुळते असते. दात खाणाऱ्या माणसाच्या सुळ्याचे टोक सपाट, तुकतुकीत होते, आणि झीज खोल गेली असेल तर त्या सपाटीच्या मधोमध पिवळसर-तपकिरी ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे वरचे कठीण आवरण संपून आतला थर उघडा पडल्याची खूण होय. जबडा किंचित बाजूला सरकवल्यावर वरच्या आणि खालच्या सुळ्यांच्या सपाट्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर संशय आणखी बळावतो. मात्र ही झीज जुनीही असू शकते. झीज दिसली म्हणजे दात खाणे आजही चालू आहेच, असे नाही.

नंतर जीभ बाहेर काढून तिच्या कडा पाहाव्यात. कडांवर दातांच्या ओळीसारखे खाचखळगे उमटलेले असतील, किंवा गालाच्या आत दात जुळतात त्या रेषेवर पांढरी आडवी कड असेल, तर दात आवळण्याची सवय असण्याची शक्यता आहे.

मग दोन्ही हातांची बोटे कानाखाली, जबड्याच्या कोनावर ठेवून दात आवळावेत. बोटाखाली फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. दात सुटे करून तो हलका दाबल्यावर दुखत असेल, आणि ते दुखणे ओळखीचे वाटत असेल, तर दाढ दुखण्यामागे हा स्नायू असू शकतो. कानशिलावरही हीच तपासणी करावी.

हिरडी पाहताना रंगापेक्षा आकाराकडे लक्ष द्यावे. दोन दातांमधील निरोगी हिरडी टोकदार आणि घट्ट असते. आजारी हिरडी गोलसर, फुगीर, चकचकीत दिसते. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असेल, तर रक्त न येणे ही चांगली खूण समजू नये, कारण धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त येणेच कमी होते आणि आजार झाकला जातो.

तपासणी: तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी आपलीच तीन बोटे एकावर एक उभी करून समोरच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. जात नसतील, तर कारण केवळ ताण आहे असे गृहीत धरू नये. सुपारी, गुटखा, मावा किंवा विदर्भातील खर्रा खाणाऱ्यांमध्ये गालाच्या आतले अस्तर ताठ होऊन तोंड उघडणे कमी होते, तिखट झोंबू लागते, आणि ही कर्करोगापूर्वीची अवस्था असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण कमी नाहीत, आणि त्यांतील अनेक जण प्रथम ‘जबडा आखडलाय’ एवढेच सांगत येतात.

## टप्पा ३: दंतवैद्याकडे निदान करून घेणे

नोंद सोबत न्यावी आणि पहिल्याच भेटीत ताणाचा विषय स्वतः काढावा. ‘परीक्षा चालू आहे’, ‘झोप होत नाही’, ‘अमुक गोळ्या चालू आहेत’ हे सांगण्यात संकोच करू नये. या माहितीने निदानाची दिशा बदलते. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे ही सर्व तपासणी होते. तिथे वेळ जास्त जातो, हे धरून चालावे.

या भेटीत तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत आणि होत नसतील तर नम्रपणे विचाराव्यात.

पहिली, हिरडी आणि दात यांमधील फटीची खोली बारीक मोजपट्टीने मोजणे. १ ते ३ मिलिमीटर खोली सर्वसाधारण मानली जाते. ४ मिलिमीटर किंवा जास्त असेल आणि मोजताना रक्त येत असेल, तर हिरड्यांच्या उपचाराला प्राधान्य द्यावे लागते. नुसते आरशाने पाहून ‘हिरड्या ठीक आहेत’ असे म्हणता येत नाही.

दुसरी, दुखणाऱ्या दाताची थंड स्पर्शाने आणि ठोकून चाचणी, आणि गरजेप्रमाणे एक्स-रे. थंड लागल्यावर क्षणभर शिवशिवून थांबणे वेगळे आणि थंड काढल्यावरही कळ मिनिटभर रेंगाळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात दाताची नस दुखावलेली असण्याची शक्यता मोठी असते. चावलेला घास सोडताना विजेसारखी चमक येत असेल, तर दाताला चीर गेल्याची शंका घ्यावी आणि ते स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण अशी चीर एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही.

तिसरी, जबड्याचे स्नायू आणि सांधा दाबून पाहणे.

सावधान: या तिन्ही गोष्टी होण्याआधी दोन कामांना होकार देऊ नये. एक, ज्या दाताची चाचणी सर्वसाधारण आहे त्याचे रूट कॅनल. दुसरे, ‘चावा जुळवण्यासाठी’ निरोगी दात घासून कमी करणे. दोन्ही परत फिरवता येत नाहीत. स्नायूंचे दुखणे मात्र साध्या उपायांनी बऱ्याचदा काही आठवड्यांत उतरते, त्यामुळे तेवढे थांबण्यात नुकसान नसते. लवंगेचे तेल थेट हिरडीवर चोळणे किंवा वेदनाशामक गोळी दाढेपाशी धरून ठेवणे यांनी आतले अस्तर भाजते आणि निदान अवघड होते, तेही टाळावे.

## टप्पा ४: कीटण आधी, बाकी सारे नंतर

रक्त येत असेल किंवा फटी खोल असतील, तर पहिला उपचार दातांवरचे कीटण काढण्याचा, म्हणजे स्केलिंगचा. गार्ड, दात पांढरे करणे, झिजलेले दात बांधणे हे सारे त्यानंतर. सुजलेल्या हिरडीभोवती घेतलेले माप सूज उतरल्यावर बदलते, आणि खोल फटीतले जिवाणू तसेच ठेवून वर केलेले कोणतेही काम टिकत नाही.

‘क्लीनिंग केल्यावर दात हलायला लागतात’ हा समज घरोघरी आहे आणि त्याने दरवर्षी अनेकांचे दात जातात. प्रत्यक्षात दात हलतो तो हाड झिजल्यामुळे. कीटणाचा जाड थर शेजारच्या दातांना धरून ठेवत असल्याने ते हलणे लपलेले असते, एवढेच. स्केलिंगनंतर काही दिवस थंड लागणे, दातांमध्ये फटी जाणवणे आणि जीभ सारखी तिकडे जाणे हे अपेक्षित आहे. फटी नव्या नसतात. त्या कीटणाने भरलेल्या होत्या.

या वेळी क्लोरहेक्सिडीनचे माउथवॉश दिले, तर ते सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरावे. सर्वसाधारणपणे ते दोन आठवड्यांपलीकडे चालू ठेवत नाहीत, कारण त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. टूथपेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकांमुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दात घासणे आणि हे माउथवॉश यांत अर्धा तास अंतर ठेवावे. ‘ताण आहे तोवर चालू ठेवू’ असे म्हणून महिनोन्‌महिने ते वापरणारे लोक भेटतात. त्यांची हिरडी बरी दिसते, पण फटीच्या तळाशी औषध पोहोचतच नसते.

तपासणी: स्केलिंगनंतर सहा ते आठ आठवड्यांनी फटी पुन्हा मोजून घ्याव्यात. मधुमेह असेल, किंवा घरात असून स्वतःची तपासणी झालेली नसेल, तर याच काळात रक्तातील साखर तपासून घ्यावी. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बिघडवतात, आणि साखर ताब्यात नसेल तर उत्तम स्केलिंगही फळत नाही.

## टप्पा ५: रात्रीचा क्रम

ताणाच्या काळात सगळे नियम पाळले जाणार नाहीत, हे मान्य करूनच क्रम ठरवावा. एकच गोष्ट जमणार असेल तर ती रात्रीची असावी. झोपेत लाळ आधीच कमी असते. त्यात ताणाने भर पडते, आणि दातांवर राहिलेल्या अन्नाला सात-आठ तास मिळतात.

१. रात्री झोपण्याच्या वेळी दात घासण्याचे ठरवू नये. तेव्हा थकवा जिंकतो. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, पुन्हा अभ्यासाला किंवा लॅपटॉपसमोर बसण्याआधी घासावेत आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नये.

२. आधी दातांमधील फटी स्वच्छ कराव्यात: घट्ट दातांत फ्लॉस (दातांमध्ये फिरवायचा बारीक धागा), रुंद फटींत छोटा इंटरडेंटल ब्रश. ब्रशनंतर करू असे म्हटले की हे काम राहून जाते.

३. मऊ ब्रश हिरडी आणि दात यांच्या सीमेवर तिरका टेकवावा, जागच्या जागी हलका थरथरवावा आणि मग दाताच्या टोकाकडे फिरवावा. पूर्ण तोंडाला दोन मिनिटे द्यावीत. चिडलेला किंवा घाईतला माणूस आडवा, करकचून घासतो आणि त्यामुळे दाताच्या गळ्याशी पाचरीसारखी खाच पडते. ब्रशचे केस महिन्याभरात बाहेर वळले असतील, तर जोर जास्त पडत आहे.

४. नळीवर फ्लोराइडचे प्रमाण छापलेले असते, ते वाचूनच टूथपेस्ट घ्यावी. १००० पीपीएमच्या आसपास असावे. लाल दंतमंजन, कोळसा, मीठ आणि मिश्री यांनी घासणे थांबवावे. मिश्रीत तंबाखू असतो, त्यामुळे ती ‘दात घासण्याची वस्तू’ म्हणून सोडायची नसून तंबाखूचे व्यसन म्हणून सोडायची आहे, आणि ताणाच्या काळात त्यासाठी मदत लागू शकते.

५. फेस थुंकून टाकावा, खळखळून चूळ भरू नये. आपल्याकडे तांब्याभर पाण्याने चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे वाटत नाही, पण त्यासोबत फ्लोराइडही वाहून जाते.

सावधान: आंबट ढेकर, उलटी, लिंबू-सरबत किंवा शीतपेय यांनंतर लगेच दात घासू नयेत. आम्लाने वरचे आवरण तात्पुरते मऊ झालेले असते. साध्या पाण्याने चूळ भरून किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावे.

तोंड येण्याचा त्रास ताणात वारंवार होत असेल, तर फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटविना असलेली टूथपेस्ट वापरून पाहावी. काहींना उतार पडतो. साधे फोड सात ते चौदा दिवसांत भरतात. त्यापुढे टिकणाऱ्याबद्दल वर सांगितलेच आहे.

## टप्पा ६: चहाचे वेळापत्रक

गोड चहाच्या प्रत्येक घोटानंतर तोंडातील आम्लता वाढते आणि ती पूर्ववत व्हायला साधारण अर्धा तास लागतो. एक कप पाच मिनिटांत संपवला तर दातांना अर्ध्या तासाचा मार बसतो. तोच कप पुस्तकाशेजारी ठेवून तासभर घोट-घोट घेतला, सोबत ग्लुकोज बिस्किटे बुडवली, तर मार दीड तासाचा होतो. म्हणून चहा बंद करण्याचा निश्चय करण्यापेक्षा, जो सहसा तीन दिवस टिकतो, चहाच्या वेळा ठरवाव्यात: जेवणाला किंवा नाश्त्याला लागून, एकदम संपवावा, वर दोन घोट पाणी. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळल्याने झोपेतले दात खाणेही कमी होऊ शकते. मद्य आणि तंबाखू यांबाबतही हेच लागू आहे.

कोरड्या तोंडासाठी लिमलेटच्या गोळ्या चघळणे हा सर्वांत वाईट उपाय. साधे पाणी हाताशी ठेवावे. साखरविरहित च्युइंगमने लाळ सुटते, पण जबडा दुखत असेल तर तेही नको.

## टप्पा ७: जबड्याला सुटे राहायला शिकवणे

जाणीवपूर्वक करायचा व्यायाम म्हणून याकडे न पाहता सवय म्हणून पाहावे. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलके टेकलेले: ही जबड्याची विश्रांतीची ठेवण आहे. पहिल्या टप्प्यातला गजर चालूच ठेवावा आणि तो वाजला की ही ठेवण घ्यावी, खांदे खाली सोडावेत, एक दीर्घ श्वास सोडावा. काही दिवसांनी गजराऐवजी नेहमीच्या घटनांना ते जोडावे, जसे फोन अनलॉक करणे, सिग्नलला थांबणे, पान उलटणे. हनुवटी तळहातावर टेकणे आणि पेन चावणे याच काळात सोडावे.

दुखत असेल तेव्हा दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक द्यावा आणि दोन-तीन आठवडे जबड्याला हलके काम द्यावे: मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी. ऊस, चिक्की, सुपारी, भाजलेले कणीस आणि हाडे चोखणे बाजूला ठेवावे. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरून तोंड फार उघडू देऊ नये. जबडा मुद्दाम कटकट वाजवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. न दुखणारा आवाज सहसा निरुपद्रवी असतो आणि त्याला सारखे वाजवल्याने फक्त सांधा चिडतो.

## टप्पा ८: गार्ड, लागला तरच

हिरड्या शांत झाल्या, दिवसाची सवय सुटू लागली आणि तरीही सकाळचे दुखणे किंवा नवी झीज चालू असेल, तर दंतवैद्याकडून मापाचा, एका जबड्याचे सर्व दात झाकणारा कडक गार्ड करून घ्यावा. अपेक्षा नेमकी ठेवावी: गार्ड दात खाणे थांबवत नाही, दातांची झीज आपल्यावर घेतो. त्यामुळे वर्षभरात गार्डवर चरे पडलेले दिसले तर तो वाया गेला असे समजू नये.

गरम पाण्यात मऊ करून चावून घ्यायचे बाजारी गार्ड तात्पुरते ठीक वाटतात, पण त्यांतील मऊ प्रकार काही जणांना अधिकच चावायला लावतात, आणि फक्त पुढच्या दातांवर बसणारे गार्ड दीर्घकाळ वापरल्यास मागचे दात सरकून चावा बिघडू शकतो. मोठ्याने घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे असेल, तर गार्डआधी ते सांगावे. झोपेतील श्वसनाचा आजार आणि दात खाणे पुष्कळदा एकत्र आढळतात, आणि तिथे उपचार वेगळा आहे.

गार्ड थंड पाण्याने, मऊ ब्रशने धुवावा, गरम पाण्याने नाही, आणि हवा खेळेल अशा डबीत कोरडा ठेवावा. सकाळी काढल्यावर काही मिनिटे चावा वेगळा वाटणे चालेल. तासन्‌तास वाटत असेल तर वापर थांबवून दाखवावे. लहान मुले झोपेत दात खातात तेव्हा घरात जंताचे औषध निघते. बहुतेक मुलांत ही सवय वाढत्या वयात आपोआप जाते, आणि दुधाच्या दातांवर गार्ड सहसा लागत नाही. मूल घोरत असेल, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

## टप्पा ९: औषधे आणि ताणाचा स्वतंत्र उपचार

नैराश्य आणि चिंतेवरील काही औषधांनी, उदाहरणार्थ सर्ट्रालिन किंवा फ्लुऑक्सेटिन, काही रुग्णांत दात आवळणे नव्याने सुरू होते किंवा वाढते. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते. औषध सुरू झाल्याची तारीख आणि जबडा दुखू लागल्याची तारीख जवळ असेल, तर दोन्ही मनोविकारतज्ज्ञांना सांगाव्यात. मात्रा, वेळ किंवा औषध बदलणे त्यांच्या हातात असते. दातांसाठी म्हणून ही औषधे स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे, आणि दंतवैद्यानेही तसे सुचवणे योग्य नाही.

ज्याचा ताण झोप, भूक आणि रोजची कामे बिघडवू लागला आहे, त्याच्यासाठी दातांची देखभाल पुरेशी नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील, तर दातांचे सर्व टप्पे बाजूला ठेवून प्रथम तिथे फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे.

## टप्पा १०: फेरतपासणी

हिरड्यांचा आजार निघालेल्यांनी ताणाचा काळ संपेपर्यंत दर तीन ते चार महिन्यांनी, इतरांनी सहा महिन्यांनी तपासणी ठेवावी. प्रत्येक वेळी गार्ड सोबत न्यावा आणि फटींच्या मोजमापाची नोंद मागून घ्यावी; आकडे हाती असल्याशिवाय हिरडी सुधारली की फक्त रक्त थांबले, हे कळत नाही. सुळ्यांचा फोटो दर सहा महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून काढावा. दोन फोटोंत झीज सारखीच दिसली, तर दात बांधण्याचे खर्चिक काम पुढे ढकलता येते. ती वाढली असेल, तर टप्पा ८ कडे परत यावे आणि गार्ड खरोखर किती रात्री वापरला गेला, ते आधी मोजावे.